उपवासाचे रताळे आणि प्रयोगशाळेतले वांगे



आषाढी एकादशीला तुमच्या घरी काय काय शिजते? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्यांची आमटी आणि उकडलेली रताळी! ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगीच पडलेली नाही. त्या ताटातल्या रताळ्याकडे पुढच्या खेपेला जरा निरखून पाहा. दिसायला साधेसुधे, मातीत वाढलेले, आजीच्या दृष्टीने अगदी शुद्ध असे हे कंद. परंतु त्याच्या पोटात एक गुपित दडलेले आहे.

२०१५ साली बेल्जियममधील गेंट विद्यापीठ आणि पेरू देशातील लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र यांच्या शास्त्रज्ञांनी हे गुपित उघड केले. त्यांनी लागवडीच्या रताळ्याचे २९१ नमुने तपासले. त्या सगळ्याच्या सगळ्या नमुन्यांत चक्क एका जीवाणूची जनुके सापडली! ही जनुके कोणा शास्त्रज्ञाने तेथे घातलेली नव्हती. हजारो वर्षांपूर्वी अमेरिका खंडात रताळ्याच्या एखाद्या पूर्वजाला जमिनीतल्या जीवाणूने गाठले आणि आपल्या जनुकांचा एक तुकडा त्याच्या पेशीत कायमचा ठेवून दिला. म्हणजे आपण ज्याला ‘एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात घालणे’ म्हणतो, तो उद्योग निसर्गाने आपल्या कितीतरी आधी उरकला होता. आणि आपण ते रताळे उपवासाला चालते म्हणून आनंदाने खात आलो.

आता दुसरे चित्र पाहा. एका जीवाणूचे जनुक प्रयोगशाळेत वांग्यात घातले गेले. ते वांगे बाजारात येऊ द्यावे की नाही, यावर २०१० साली सबंध देशात वादळ उठले. सात शहरांत जाहीर सभा झाल्या, घोषणा झाल्या आणि अखेर त्या वांग्याला स्थगिती मिळाली.

रताळे चालते, मग वांगे का चालत नाही? लोक उगीच घाबरतात, की त्यांच्या भीतीत काही तथ्य आहे? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून आपण ते पायरीपायरीने शोधू.

गुणांची लिपी

वांग्याच्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. गुणसूत्रांत डीएनए नावाचा लांबलचक रेणू गुंडाळून ठेवलेला असतो. हा रेणू म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक ग्रंथच समजा. त्या ग्रंथातला अर्थपूर्ण उतारा म्हणजे जनुक. कोणते प्रथिन कसे बनवायचे हे एकेका जनुकात लिहिलेले असते. वांग्यात अशी सुमारे ३५ हजार जनुके आहेत. फळ जांभळे की हिरवे, गोल की लांबट, देठाला काटे किती, हे सारे त्यांवर अवलंबून असते.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ही चार अक्षरे जीवाणूत, वांग्यात, हत्तीत आणि तुमच्या-आमच्यात एकच आहेत. लिपी एक असल्यामुळेच जीवाणूचा उतारा वांग्याला वाचता येतो. ही लिपी एक नसती, तर रताळ्यातला प्रकारही घडला नसता आणि प्रयोगशाळेतलाही.

चिमटा आणि कागदी पिशवी

वांगे हे आपल्याच देशातले पीक. त्याची रानटी भावंडे काटेरी असतात आणि त्यांची फळे लहान व कडू असतात. त्यातून आजचे भरल्या वांग्याचे वांगे कसे झाले? शेकडो पिढ्यांच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी चांगल्या झाडाचे बी राखले, वाईट टाकले. यालाच निवड म्हणतात.

पुढे शास्त्रज्ञांनी निवडीला संकराची जोड दिली. वांग्याचा संकर कसा करतात, ते पाहा. फूल उमलण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टपोरी कळी हलकेच उघडतात. आतले पिवळे पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात, म्हणजे फुलाचे स्वतःचे परागकण त्याच्याच कुक्षीवर पडत नाहीत. मग कळीवर कागदी पिशवी बांधतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले परागकण आणून कुक्षीला लावतात आणि पुन्हा पिशवी बांधतात. जे फळ धरते, त्यातल्या बियांत दोन्ही वाणांची जनुके निम्मी-निम्मी येतात.

येथे एक अडचण उभी राहते. समजा, एका रानवांग्यात रोगाला तोंड देण्याचा गुण आहे आणि तेवढाच आपल्याला हवा आहे. पण संकरात त्याच्याबरोबर कडूपणा आणि काटेही येतात. एक पाहुणा बोलवावा आणि सगळा गाव जेवायला यावा, तसे होते! मग ही नको असलेली जनुके घालवायची कशी? त्यासाठी संकरित झाडाचा आपल्या मूळ चांगल्या वाणाशी पुन्हापुन्हा संकर करतात आणि दर वेळी हवा तो गुण असलेलीच रोपे ठेवतात. रानवांग्याचा वाटा पहिल्या पिढीत निम्मा असतो, मग पाव होतो, मग अष्टमांश. असे सहा वेळा केले की तो सरासरी १२८ मध्ये एक भाग एवढाच उरतो. गणित सोपे आहे, परंतु त्याला वर्षे लागतात.

शिवाय संकर फक्त जवळच्या नात्यात होतो. वांग्याला सर्वाधिक छळणारी कीड म्हणजे शेंडा व फळ पोखरणारी अळी. मंडईतून आणलेले वांगे चिरल्यावर आत जी वळवळते, तीच ही. ती एकदा फळात शिरली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून शेतकरी ती शिरण्यापूर्वीच वारंवार फवारणी करतात. वांग्याच्या काही रानटी नातलगांत या अळीला विरोध करण्याची थोडीफार शक्ती आहे. परंतु त्यांचा वांग्याशी संकर नीट जुळत नाही. पुष्कळदा अशा संकराचे झाड वांझ निघते. येथे चिमटा आणि कागदी पिशवी हात टेकतात.

‘नैसर्गिक’ म्हणजे किती नैसर्गिक?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्याला आपण साधी, जुनी पद्धत म्हणतो, तीही वाटते तितकी साधी नाही. पोळीचा गहू घ्या. तो तीन निरनिराळ्या गवतांच्या मिलनातून, सुमारे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वी तयार झाला. त्याच्या पेशीत तिन्ही गवतांच्या गुणसूत्रांचे पुरे संच अजून नांदत आहेत.

भुईमुगाचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. १९२८ साली अमेरिकेत लुईस स्टॅडलर यांनी दाखवून दिले की, क्ष-किरणांचा मारा केला की वनस्पतींच्या जनुकांत अचानक बदल घडतात. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी हीच युक्ती भुईमुगावर वापरली. बदल कोठे होईल हे कोणाच्याच हाती नसते. हजारो रोपे तपासायची आणि त्यांतली उपयोगी तेवढी निवडायची. या खटपटीतून टीजी-१ हा वाण १९७३ साली, तर पुढे अशाच उत्परिवर्तित वाणांच्या वंशातून टीएजी-२४ हा वाण १९९१ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. महाराष्ट्रातही त्याचा मोठा प्रसार झाला. त्या शेंगा आपण भाजून खाल्ल्या, त्यांचे तेल फोडणीला घातले. कोणी मोर्चा काढला नाही. जगात अशा उत्परिवर्तनातून आलेल्या वाणांची नोंद तीन हजारांवर गेली आहे.

जमिनीतला कारागीर

आता प्रयोगशाळेत जाऊ. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी एका सजीवाच्या डीएनएचा तुकडा कापून जीवाणूत जोडून दाखवला. जनुक अभियांत्रिकीचा आरंभ तेथून धरतात. वनस्पतींच्या बाबतीत शास्त्रज्ञांना एक आयताच कारागीर सापडला. त्याचे नाव ॲग्रोबॅक्टेरियम. हा जमिनीत राहणारा जीवाणू झाडाच्या जखमेतून आत शिरतो, आपल्या जनुकांचा तुकडा झाडाच्या गुणसूत्रात घुसवतो आणि तेथे गाठ निर्माण करतो. रताळ्याच्या पूर्वजाला गाठणारा जीवाणू याच कुळातला!

शास्त्रज्ञांनी युक्ती अशी केली की, गाठ निर्माण करणारी त्याची जनुके काढून टाकली आणि त्या जागी आपल्याला हवे ते जनुक बसवले. टपालवाला तोच ठेवला, पाकिटातले पत्र मात्र बदलले. १९८३ साली या मार्गाने तंबाखूसारख्या वनस्पतींत परके जनुक घालण्यात यश आले.

वांग्यासाठी कोणते पत्र निवडले? तर ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या दुसऱ्या जीवाणूचे एक जनुक. या लांबलचक नावाचे लघुरूप म्हणजे बीटी. जपानमध्ये १९०१ साली शिगेताने इशिवाता यांना रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत हा जीवाणू आढळला. १९११ साली जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठात पडणाऱ्या किडीच्या अळ्यांत दिसला आणि तेथल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळाले. हा जीवाणू एक विशिष्ट प्रथिन बनवतो. ते अळीच्या पोटात गेले की अळी मरते. म्हणूनच बीटीची भुकटी पाण्यात कालवून पिकांवर फवारतात. सेंद्रिय शेती करणारे शेतकरीसुद्धा ती वापरतात.

हे प्रथिन बनवण्याचे जनुकच वांग्यात घातले, तर झाड स्वतःच ते बनवील आणि फळात शिरू पाहणारी अळी पहिल्या घासालाच दगावेल, अशी कल्पना होती. जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने असे झाड तयार केले. पुढे हे जनुक निरनिराळ्या स्थानिक वाणांत नेण्याच्या कामात धारवाड आणि कोईमतूर येथील कृषी विद्यापीठे सहभागी झाली. हे काम त्यांनी कसे केले असेल? त्याच जुन्या चिमट्याने आणि कागदी पिशवीने, पुन्हापुन्हा संकर करून! म्हणजे या दोन पद्धती एकमेकींच्या वैरिणी नाहीत. नवी पद्धत एक पाऊल टाकते आणि पुढचा रस्ता जुनीच्याच आधाराने चालते.

अळी मरते, मग माणूस?

तुमच्या मनात आलेला प्रश्न मला कळला. अळी ज्याने मरते, ते आपण खायचे?

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर पोटाच्या रसायनशास्त्रात सापडते. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात बीटीचे प्रथिन विरघळते, तेथल्या विकरांनी ते क्रियाशील होते आणि आतड्याच्या पेशींवरील खास जागी जाऊन चिकटते. कुलपात किल्ली बसावी तसे. मग त्या पेशींना भोके पडतात, अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. आपल्या जठरातला रस उलट आम्लधर्मी असतो. त्यात या प्रथिनाचे इतर प्रथिनांप्रमाणे तुकडे होतात. शिवाय आपल्या आतड्यात ते कुलूपच नसते.

दुसरा प्रश्नही हमखास विचारला जातो. परके जनुक खाल्ले तर ते आपल्या अंगात शिरेल काय? मित्रांनो, आपण रोज अब्जावधी जनुके खातो. मेथीची भाजी, भाकरी, दही, केळे, सगळ्यांत जनुके आहेतच. मेथी खाऊन आजवर कोणी हिरवे झालेले नाही! १९९६ साली युरोपीय संघाच्या एका पाहणीत लोकांना विचारले होते, ‘साध्या टोमॅटोत जनुके नसतात, फक्त जनुक बदललेल्या टोमॅटोत असतात, हे खरे की खोटे?’ ‘खोटे’ हे बरोबर उत्तर सुमारे एक तृतीयांश लोकांनाच देता आले. तुमच्या वर्गात हाच प्रश्न विचारून पाहा.

दोन फसलेल्या गोष्टी

तर मग जुनी पद्धत सुरक्षित आणि नवी धोक्याची, असे म्हणता येईल काय? की उलट? दोन खऱ्या हकिगती सांगतो.

अमेरिकेत १९६७ साली ‘लेनापी’ नावाचा बटाट्याचा वाण प्रसिद्ध झाला. तो नेहमीच्या संकरानेच तयार केलेला होता. त्याच्या चकत्या तळल्या की सुरेख सोनेरी होत. परंतु पुढे असे आढळले की, बटाट्यात एरवी अगदी थोडे असणारे सोलॅनिनच्या जातीचे विषारी द्रव्य यात फार जास्त आहे. १९७० साली तो मागे घ्यावा लागला. संकरात चांगल्या गुणांबरोबर एक वाईट गुणही वाढला होता.

दुसरी हकिगत सोयाबीनची. जनावरांच्या खाद्यासाठी सोयाबीन अधिक कसदार व्हावे म्हणून त्यात ब्राझील नट या कठीण कवचाच्या फळाचे एक जनुक घालण्यात आले. ब्राझील नट काही लोकांना सोसत नाही, अंगावर पित्त उठते, प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून सोयाबीन बाजारात आणण्यापूर्वीच अशा लोकांच्या रक्ताशी त्याची चाचणी घेतली. जी भीती होती, ती खरी ठरली. तो दोष जनुकाबरोबर सोयाबीनमध्ये आला होता. हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला आणि ते सोयाबीन कधीच विकले गेले नाही.

या दोन्ही हकिगतींवरून काय दिसते? धोका पद्धतीच्या नावात नसतो. झाडात शेवटी काय उतरले आणि ते तपासले की नाही, यावर सारे अवलंबून असते. बटाटा ‘नैसर्गिक’ होता म्हणून निर्दोष ठरला नाही. सोयाबीनमध्ये खरोखरच दोष होता, पण चाचणीने तो वेळीच पकडला.

लोक काय म्हणतात?

गंमत पाहा. मधुमेहाच्या रुग्णांना लागणारे इन्सुलिन पूर्वी डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडापासून काढत. १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनचे जनुक जीवाणूत घालण्यात आले आणि १९८२ पासून ते इन्सुलिन औषध म्हणून मिळू लागले. आज जगातील असंख्य रुग्ण तेच टोचून घेतात. त्याविरुद्ध कोणी रस्त्यावर येत नाही.

मग वांग्यालाच विरोध का? कारण औषध आजारी माणूस घेतो, त्याचा फायदा त्याला लगेच दिसतो. वांगे मात्र रोज सगळ्यांच्या ताटात येते. खाणाऱ्याला त्यात नवे काहीच मिळत नाही. फायदा शेतकऱ्याला आणि बी विकणाऱ्याला, शंका मात्र खाणाऱ्याला! शिवाय औषध बाटलीत राहते. झाडाचे पराग वाऱ्यावर आणि कीटकांच्या पायांवर बसून शेजारच्या शेतात जातात. भारत हे वांग्याचे माहेरघर. येथे त्याचे असंख्य स्थानिक वाण आणि रानटी भाऊबंद आहेत. त्यांच्यात हे जनुक पसरले तर काय, ही शंका अडाणीपणाची नव्हती.

प्रयोगशाळेत जनुक गेले की नाही हे ओळखण्यासाठी सोबत एक खुणेचे जनुक जोडतात. बीटी वांग्यातले खुणेचे जनुक एका प्रतिजैविक औषधाला दाद न देणारे होते. त्यावरही प्रश्न विचारले गेले. आणि सर्वांत मोठा प्रश्न होता तो असा की, चाचण्या कोणी केल्या? ज्याला बी विकायचे आहे त्यानेच का?

केंद्र सरकारच्या मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये या वांग्याला हिरवा कंदील दाखवला होता. परंतु तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांत आपले नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, डॉक्टर, गृहिणी, सगळे बोलले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. लोकांचा आणि शास्त्रज्ञांचाही पुरेसा विश्वास बसेल अशा स्वतंत्र चाचण्या होईपर्यंत थांबावे, असे त्यांचे म्हणणे होते.

शेजारच्या बांगलादेशाने वेगळा निर्णय घेतला. तेथे २०१३ साली बीटी वांग्याला परवानगी मिळाली आणि २०१४ साली पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपे दिली गेली. पुढे हजारो शेतकऱ्यांनी ते लावले. अळीसाठी होणारी फवारणी आणि तिचा खर्च लक्षणीय घटल्याचे तेथील अभ्यासांत दिसले. रस शोषणाऱ्या किडींसाठी फवारणी करावी लागतेच. आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. तेथले वाण सरकारी कृषी संशोधन संस्थेचे असून ते संकरित नाहीत. त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःचे बी राखता येते. जनुक तेच, पण बी कोणाच्या हाती, हे निराळे.

कापसाचा धडा

आपल्या देशात शेतात आलेले बीटी पीक म्हणजे कापूस. मार्च २००२ मध्ये त्याला परवानगी मिळाली. आरंभी बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या घटल्या आणि थोड्याच वर्षांत बहुतेक कापूस बीटी झाला. पण निसर्ग गप्प बसत नाही. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की, जिच्यावर त्या प्रथिनाचा परिणाम होत नाही. बाकीच्या मरतात, तिची प्रजा वाढते. डार्विनने सांगितलेली निवडच ती!

यावर उपाय ठाऊक होता. बीटी कापसाच्या कडेने साध्या कापसाच्या काही ओळी लावायच्या. तेथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संयोग होतो. त्यामुळे प्रतिकाराचा गुण लवकर माजत नाही. साध्या कापसाच्या बियांची वेगळी पुडी पाकिटाबरोबर मिळत असे. परंतु पुष्कळांनी ती लावलीच नाही. शिवाय गुलाबी बोंडअळी मुख्यतः कापसावरच जगते आणि आपल्याकडे पीक फार महिने शेतात उभे राहते. परिणाम असा झाला की, २०१७ साली महाराष्ट्रात या अळीने हाहाकार केला. बोंडे वरून चांगली दिसत आणि फोडली की आत किडलेली सरकी.

हा दोष केवळ जनुक अभियांत्रिकीचा म्हणायचा का? गव्हाच्या सुधारित वाणांनाही तांबेरा रोग काही वर्षांनी पुन्हा गाठतो. कीटकनाशकांनाही किडी सरावतात. जे एकच हत्यार सगळीकडे, सतत वापरले जाते, ते बोथट होते. दरवर्षी बी विकत घेण्याची तक्रारही अशीच तपासून पाहा. संकरित कापूस आला तो १९७० साली, सुरतच्या केंद्रातील डॉ. सी. टी. पटेल यांच्या ‘एच-४’ या वाणाने. संकरित बी दरवर्षी नवेच घ्यावे लागते. बीटी कापूस भारतात मुख्यतः संकरित रूपातच विकला गेला, म्हणून दोन्ही गोष्टी लोकांच्या मनात एक झाल्या.

प्रश्न कसा विचारायचा?

मित्रांनो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. रताळे चालते आणि वांगे का नाही? रताळे निसर्गाने केले म्हणून चांगले, हे उत्तर पुरे नाही. निसर्गाने धोतराही केला आहे. माणसे ते रताळे हजारो वर्षे खात आली आणि त्यांना ते मानवले, म्हणून आपला त्यावर विश्वास. नव्या वांग्याला हजारो वर्षे थांबायला सांगता येणार नाही. त्याच्यासाठी चाचण्या हव्यात आणि त्या सर्वांना पाहता येतील अशा हव्यात.

शास्त्रज्ञांनी स्वतः हे ओळखले होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेत असिलोमार येथे सुमारे १४० शास्त्रज्ञ आणि इतर जाणकार जमले. त्याआधी काही प्रयोग त्यांनी आपण होऊन थांबवले होते. कोणते प्रयोग किती काळजी घेऊन करायचे, याचे नियम तेथे ठरले. थांबून विचार करणे म्हणजे विज्ञानाला विरोध करणे नव्हे.

म्हणून यापुढे कोणी ‘हे पीक जनुक बदललेले आहे’ असे सांगितले, तर लगेच नाक मुरडू नका आणि टाळ्याही वाजवू नका. पाच प्रश्न विचारा. कोणते जनुक घातले आणि ते काय करते? खाणाऱ्यावर आणि शेतातल्या इतर जिवांवर त्याचा परिणाम कोणी तपासला? ते पसरले तर काय होईल? बी कोणाच्या मालकीचे? आणि हे पीक नाकारले, तर त्याच्या जागी शेतकरी काय करणार, किती फवारणी करणार? शेवटचा प्रश्न लोक बहुधा विसरतात. हेच पाच प्रश्न साध्या संकराच्या नव्या वाणालाही विचारायला हरकत नाही.

मे २०२५ मध्ये भारतात जनुकात नेमका बदल केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा झाली. जनुक संपादन नावाच्या नव्या तंत्राने ते तयार केले असून त्यात परके जनुक ठेवलेले नाही. वाद आता नव्या रूपात येणार, आणि त्याचा निर्णय करणाऱ्यांत उद्या तुम्ही असणार.

तोपर्यंत एक काम करा. शाळेच्या बागेत किंवा कुंडीत दोन वेगळ्या रंगांच्या वांग्यांची रोपे लावा. फुले आली की शिक्षकांच्या मदतीने चिमटा आणि कागदी पिशवी घेऊन संकर करून पाहा. फळ पिकून पिवळे झाले की बी राखा, पुढच्या वर्षी पेरा आणि फळांचा रंग नोंदवा. निसर्गाची ही लिपी बदलण्याआधी ती थोडी वाचायला शिकूया!